नळाजवळची जागा

उभा जन्म सरळ रेघा मारण्यात गेला की माणसाला वाकडं काही बघवत नाही. कॉलनीतल्या नानांचं तसंच झालं होतं. नोकरीभर त्यांनी एका कचेरीत उंच टेबलापुढे उभं राहून दुसऱ्यांच्या इमारतींचे नकाशे काढले. निवृत्त झाले, टेबल सुटलं, पण कानावरची पेन्सिल काही सुटली नाही. भिंतीवरचं कॅलेंडर जरा तिरकं दिसलं तर जेवण सोडून उठतील. पाठीमागे सगळी कॉलनी त्यांना फूटपट्टी म्हणायची. ते त्यांच्या कानावर आलेलं होतं, आणि खोटं कशाला बोला, मनातून त्यांना ते थोडंसं आवडायचंही.

आज मात्र फूटपट्टीचं कशात लक्ष नव्हतं. आज कॉलनीच्या बागेचं लोकार्पण होतं. नवं रंगवलेलं फाटक, त्याला लाल फीत, आत खुर्च्यांच्या रांगा, एक छोटं स्टेज आणि दर दोन मिनिटांनी शिट्टी मारणारा माइक. घराघरांतून माणसं येत होती. कुणाच्या हातात डबा, कुणाच्या हातात बादली, कुणाकडे कानफुटकी कुंडी, आणि प्रत्येकात एकेक रोप. नाना स्टेजच्या पायरीपाशी उभे होते. काखेत बागेच्या नकाशाची गुंडाळी, तिला हिरव्या कापडाची पिवळ्या ठिपक्यांची चिंधी बांधलेली. पायाशी तेलाचा जुना डबा आणि त्यात तुतीचं रोप.

ते रोप काकूंचं. काकू म्हणजे नानांची बायको. ती हा दिवस बघायला राहिली नाही.

"तिचं झाड एकदा एक नंबरच्या खड्ड्यात लागलं की मी सुटलो," नाना आदल्या दिवशी मुलाला फोनवर म्हणाले होते. मुलगा दूरच्या गावी नोकरीला. कशातून सुटलो ते त्याने विचारलं नाही आणि नानांनीही सांगितलं नाही. पण आतून त्यांना पक्कं ठाऊक होतं. बायकोला दिलेला एक शब्द राहिला होता. तो आज पुरा होणार होता.

आता हा शब्द एवढा लांबला कसा, ते सांगायला हवं.

बागेच्या जागी पूर्वी उकिरडा होता. कॉलनीत कुणाचं न्हाणीघर दुरुस्त झालं की फुटक्या फरश्या तिथे, कुणाची गादी फाटली की तिथे. एक मोडका पलंग तर इतकी वर्षं तिथे होता की कुत्र्यांच्या तीन पिढ्या त्याच्यावर वाढल्या. शेवटी सगळ्यांनी मिळून बाग करायचं ठरवलं, आणि नकाशा म्हटल्यावर नानांशिवाय दुसरं नाव कुणाच्या तोंडात येणार? नानांनीच 'घरटी एक रोप' ही कल्पना काढली. प्रत्येक घराने आपलं रोप आपल्या घरी वाढवायचं, आणि लोकार्पणाच्या दिवशी सगळ्यांनी मिळून लावायचं. कल्पना चांगली होती, नाही म्हणू नका. गॅलऱ्यांतून, जिन्यांतून, न्हाणीघरांच्या खिडक्यांतून रोपं दिसायला लागली. एरवी एकमेकांशी पार्किंगवरून भांडणारी माणसं एकमेकांना खत विचारायला लागली.

फक्त नानांनी त्याला एक शेपूट जोडलं. लोकार्पणाच्या आधी एकही रोप मातीत जायचं नाही. "सगळी एका दिवशी, एका मापाच्या खड्ड्यांत, एका रांगेत," ते मीटिंगमध्ये म्हणाले. "आज याचं, उद्या त्याचं, असं लावत बसलात तर बाग होणार नाही, बाजार होईल." सगळ्यांनी माना डोलावल्या. नानांशी वाद घालण्यापेक्षा माना डोलावणं सोपं पडायचं.

काकूंनी मान डोलावली नाही. त्या घरी आल्यावर बोलल्या.

"अहो, झाडाला कसला आलाय लोकार्पणाचा दिवस? त्याला माती कळते."

"तुला नाही कळायचं त्यातलं. नकाशा आहे त्याला."

"असू दे की नकाशा. मी कुठे फाडतेय? मला फक्त नळाजवळ जागा द्या. पंपाच्या खोलीमागे तो नळ आहे ना, तिथे."

"नळाजवळ नकाशात काही नाहीये. तुझं झाड एक नंबरच्या खड्ड्यात. स्टेजसमोर, मधोमध. पहिलं झाड तुझं, शब्द दिला तुला."

"मला मधोमध काय करायचंय? मला पाणी घालायचंय. नळापासून स्टेजपर्यंत बादली घेऊन चालवेल का मला?"

हे त्या हसून म्हणाल्या, म्हणून नानांनीही हसण्यावारी नेलं. पण ते खरंच होतं. काकूंचं हृदय थकलं होतं. जिना चढताना त्या मधल्या पायरीवर थांबायच्या आणि कुणी येताना दिसलं की कठड्याची धूळ पुसण्याचं सोंग करायच्या. डॉक्टरांनी नानांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं होतं. नानांना कळलं नव्हतं असं नाही. पण काही माणसं घाबरली की जास्तच काटेकोर होतात. बाग नीट झाली, अगदी मनासारखी झाली, तर तोवर हीसुद्धा नीट राहील, असं काहीतरी त्यांनी मनाशी धरलं होतं. हे त्यांनी कुणाला सांगितलं असतं तर कुणीतरी त्यांना वेळेवर वेड्यात काढलं असतं.

लोकार्पण पहिल्यांदा पुढे गेलं ते फाटकामुळे. फाटकाचे दोन पल्ले एका उंचीचे नव्हते. फरक एवढासा, नखाएवढा, पण नानांना तो लांबून दिसायचा. फाटक परत गेलं. दुसऱ्यांदा कोनशिला आली, तिच्यावर दोन शब्दांच्या मध्ये अंतर कमी पडलं होतं. पाथरवट म्हणाला, "साहेब, वाचता येतंय ना?" नाना म्हणाले, "वाचता येणं वेगळं आणि बरोबर असणं वेगळं." शिलाही परत गेली. तिसऱ्यांदा फरशीचा रंग. तोवर घरोघरची रोपं डब्यांत ताटकळून पिवळी पडायला लागली होती. दर वेळी नाना घरी येऊन सांगायचे, "पुढच्या महिन्यात नक्की," आणि काकू म्हणायच्या, "बरं."

मग एक दिवस त्या बरं म्हणायच्या थांबल्या, आणि रोज दुपारी पाय मोकळे करायला बाहेर पडू लागल्या. सोबत समोरच्या टेलरवहिनी. या टेलरवहिनींचं घर म्हणजे पुढच्या खोलीत शिवणयंत्र आणि मागच्या खोलीत संसार. तोंडात कायम टाचण्या, त्यामुळे अर्धं बोलणं भुवयांनी. काकूंची आणि त्यांची अशी गट्टी की एकीला शिंक आली तर दुसरीने रुमाल काढावा.

"कुठे जाता गं दुपारच्या?" नाना एकदा विचारते झाले.

"कुठे म्हणजे? फिरायला. डॉक्टरांनीच सांगितलंय हळूहळू चालायला."

"मग संध्याकाळी जा. मीही येतो."

"तुमच्याबरोबर कोण चालणार? तुम्ही रस्त्याने चालत नाही, रस्ता मोजता."

टेलरवहिनींना हसताना टाचणी टोचली. नानांनी विषय सोडला. त्याच सुमाराला गॅलरीतली तुती एकदम बुटकी दिसली, एवढं मात्र त्यांच्या लक्षात आलं. "छाटली मी," काकू म्हणाल्या. डबा तोच होता, जागा तीच होती, डब्यावर नानांनी स्वतः रंगवलेला एकचा आकडाही तोच होता. नानांनी मान हलवली आणि पेपर उघडला.

पुढे टेलरवहिनी लेकीच्या बाळंतपणाला गेल्या. बाळंतपण अवघड निघालं, मुक्काम लांबत गेला. काकूंचं दुपारचं फिरणंही थांबलं. आता त्यांना खोलीतून गॅलरीपर्यंत यायलासुद्धा भिंत लागायची. गॅलरीतून बागेचा एक कोपरा दिसायचा, पंपाच्या खोलीचं छप्पर आणि मागचा थोडासा भाग. त्या खुर्ची तिकडे तोंड करून बसायच्या. नाना कौतुकाने शेजाऱ्यांना सांगायचे, "बघा, हिला बागेचा किती ध्यास."

आणि एक दिवस नाना फरशीवाल्यांना घेऊन पाहणीला गेले. पंपाच्या खोलीमागे फरशी घालायची होती. तिथे बघतात तर नळाच्या बाजूला एक झाड. चांगलं गुडघ्याच्या वर आलेलं, भोवती विटांच्या तुकड्यांचं कडं, आधाराला काठी, काठीला कापडाच्या चिंधीने बांधलेलं. नानांचं डोकंच फिरलं. एवढं सांगून, एवढ्या मीटिंगा घेऊन, कुणीतरी गुपचूप आपलं घोडं पुढे दामटलं होतं.

"कुणाचं आहे हे?"

फरशीवाले काय सांगणार? त्यातला एक म्हणाला, "राहू द्या की साहेब. एक फरशी कमी घालू. झाड झकास आहे."

"नकाशात आहे का ते?"

"नकाशात नसेल, पण जमिनीत आहे ना."

"नकाशात नाही ते इथे नाही," नाना म्हणाले, आणि स्वतः वाकले. एका ओढीत येईना. दुसऱ्यांदा दोन्ही हात लावले, पाय रोवले. तिसऱ्यांदा मुळं तुटल्याचा आवाज आला आणि नाना झाडासकट मागे धडपडले. पानांकडे त्यांनी बघितलंही नाही. पानं बघायची नजरच त्यांना नव्हती. ते दोन झाडांमधलं अंतर बघायचे, झाड नाही. त्यांच्याच गॅलरीत त्याच पानांचं रोप रोज त्यांच्या नाकासमोर होतं, तरी त्यांना ओळखू आलं नाही. झाड राडारोड्याच्या गाडीत गेलं. चिंधी मात्र त्यांनी सोडून खिशात घातली. वस्तू वाया घालवायची नाही, हाही त्यांचा एक नियमच. नकाशाच्या गुंडाळीचं रबर नाहीतरी तुटलं होतं.

त्या संध्याकाळी ते गॅलरीत येऊन काकूंच्या शेजारी बसले. हात खरचटले होते, तरी स्वारी खुशीत होती.

"आज एका घुसखोराला उपटलं," ते म्हणाले.

काकू बागेकडेच बघत होत्या. "कुणाला?"

"झाड गं. पंपाच्या मागे कुणीतरी चोरून लावलं होतं. कमिटीचा नियम म्हणजे काय खेळ वाटला लोकांना?"

काकूंनी मांडीवरचा पदर सारखा केला. मग त्यांनी विचारलं, "मोठं होतं?"

"होतं की. चांगलं धरलं होतं जमिनीला. निघता निघत नव्हतं."

"धरलं होतं ना?" काकू म्हणाल्या. मग त्यांनी नानांचा हात ओढून घेतला आणि तळव्यावरचं खरचटलेलं बघितलं. "याला काहीतरी लावा. नाहीतर चिघळेल."

एवढंच. त्यानंतर त्यांनी बागेचं नाव काढलं नाही. खुर्चीही आत घेतली. नाना नव्या कोनशिलेचं सांगायला लागले की त्या डोळे मिटून घ्यायच्या. नानांना ते लागलं. एकदा तर ते बोलूनही गेले, "मी एवढा राबतोय तिथे, आणि तुला काडीचं कौतुक नाही." काकूंनी डोळे उघडले. "आहे हो," त्या म्हणाल्या. "तुमचं कौतुक नाही तर कुणाचं करू?" पुढे थोड्याच आठवड्यांत एका सकाळी त्या उठल्या नाहीत.

तर अशी ही सगळी मागची गोष्ट, आणि तिच्यातलं अर्धं नानांना अजून माहीत नव्हतं. ते स्टेजच्या पायरीपाशी उभे होते. नकाशा काखेत, डबा पायाशी. खुर्च्या भरत आल्या होत्या. पाहुण्या बाई, म्हणजे नगराध्यक्षा, फीत कापून आत आल्या होत्या आणि पहिल्या रांगेत बसून घड्याळाकडे बघत होत्या. कमिटीचा सेक्रेटरी माइकवर आभार मानत होता. लोकार्पणात आभार आधी मानायचे नसतात हे त्याला कुणी सांगावं?

तेवढ्यात फाटकातून टेलरवहिनी आल्या. थेट बसमधून उतरून. हातात पिशवी, केसांवर प्रवासाची धूळ. काकू गेल्या तेव्हा त्यांना येता आलं नव्हतं. फोनवर रडल्या होत्या, तेवढंच. त्या खुर्च्यांच्या मधून वाट काढत सरळ नानांपुढे येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. नानांचेही आले.

"वेळेवर आलात वहिनी," नाना म्हणाले. "तिचं झाड लागणारच आहे आता. बघा, एक नंबर."

टेलरवहिनींनी डब्याकडे बघितलं. मग नानांच्या काखेतल्या गुंडाळीकडे. मग चिंधीकडे, आणि रडता रडता त्यांच्या तोंडावर हसू आलं.

"अय्या भाऊजी, ही तर माझी चिंधी! काकूंच्या ब्लाउजच्या कापडातली उरलेली. म्हणजे काठी काढलीत वाटतं? झाड एवढं मोठं झालं?"

"कुठलं झाड?"

"कुठलं काय! नळाजवळचं. आधी ते दाखवा बाई मला, मग तुमचा कार्यक्रम होऊ दे. सबंध रस्ताभर मी तेच मनात धरून आलेय."

नाना काखेतली गुंडाळी चाचपायला लागले. टेलरवहिनींना वाटलं, भाऊजी अजून आपल्यापासून लपवताहेत.

"आता कशाला लपवता? मीच तर खड्डा खणला होता. काकू विटेवर बसून हुकूम सोडत होत्या, 'अजून खोल, अजून खोल.' रोज दुपारी जायचो आम्ही. त्या एक तांब्या पाणी घालायच्या, दम खायच्या, परत एक तांब्या घालायच्या. आणि तुम्हाला संशय नको म्हणून त्याचीच एक फांदी या डब्यात खोचून ठेवली होती. तुती ती, काडी खोचली की लागते. बघा, हीसुद्धा किती वाढली!"

माइकने शिट्टी मारली. कुणीतरी तो बोटाने वाजवून बघितला.

"तिकडे गेल्यावर मी फोनवर विचारायची ना," टेलरवहिनी पुढे म्हणाल्या, "की झाड कसं आहे हो? तर म्हणायच्या, 'छान आहे. मला आता खाली उतरवत नाही, हेच घालतात पाणी.' मी म्हटलं, म्हणजे भाऊजींना कळलं! ओरडले का खूप? तर म्हणाल्या, 'छे गं, अजिबात नाही.'"

नाना पायरीवर बसले. गुंडाळी मांडीवर आली आणि चिंधीवरचे पिवळे ठिपके त्यांच्या डोळ्यांसमोर आले. ब्लाउज आठवला. कितीदा बघितला होता तो, दोरीवर वाळताना, स्वयंपाकघरात पाठमोरा. कापडाची रुंदी विचारली असती तर सांगितली असती त्यांनी, पण ठिपके ओळखले नाहीत.

"वहिनी," ते म्हणाले, "ते झाड मी उपटलं."

"काय?"

"मी उपटलं. या हातांनी. आणि घरी येऊन तिलाच सांगितलं, बढाई मारत. घुसखोर म्हटलं मी त्याला."

टेलरवहिनींचा हात तोंडाकडे गेला. हसणं, रडणं सगळं जागच्या जागी थांबलं. "काकूंना?" त्या म्हणाल्या. "काकूंना सांगितलंत? मग त्या काय म्हणाल्या?"

"मोठं होतं का म्हणाली." नानांनी तळवा उलटा करून बघितला. "आणि माझ्या हाताला औषध लावायला सांगितलं."

वहिनी रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. नानांना खरोखर तेच हवं होतं, की कुणीतरी इथे, सगळ्यांच्या देखत, आपल्याला नाही नाही ते बोलावं. पण टेलरवहिनी नुसत्या त्यांच्याशेजारी पायरीवर टेकल्या आणि पदराने डोळे पुसत बसल्या. आपल्याला फोनवर काय सांगितलं गेलं आणि का सांगितलं गेलं, ते आता कुठे त्यांच्याही ध्यानात येत होतं. काकूंनी नवऱ्याची अब्रू त्यांच्यापासूनही झाकली होती.

"मला एकदा म्हणायला काय झालं होतं तिला?" नाना म्हणाले. "'ते माझं होतं,' असं? एक शब्द? मी काय राक्षस होतो?"

"नव्हता हो भाऊजी."

"मग?"

"सांगून ते झाड परत लागलं असतं का?" टेलरवहिनी म्हणाल्या. "तुमचं तेवढं मन मोडलं असतं."

नाना उठले. माइकवर सेक्रेटरी त्यांचंच नाव घेत होता. आपल्या बागेचे शिल्पकार, आपले सर्वांचे नाना, आता पहिलं रोप लावतील, त्यांच्या दिवंगत पत्नीच्या इच्छेनुसार. टाळ्या सुरू झाल्या. नाना एका हातात नकाशा आणि दुसऱ्या हातात डबा घेऊन निघाले, पण एक नंबरच्या खड्ड्याकडे नाही. खुर्च्यांच्या कडेने, पंपाच्या खोलीमागे. टाळ्या जरा गोंधळल्या आणि थांबल्या. टेलरवहिनी मागोमाग धावल्या.

मागे सावलीत राखाडी फरशी पसरली होती. एकेक तुकडा सरळ, सांधे एका रेषेत, नळापासून भिंतीपर्यंत. इतकं सुबक काम त्या बागेत दुसरीकडे झालेलं नव्हतं, कारण इथे नानांनी स्वतः दोरी धरली होती.

"कुठे?" त्यांनी विचारलं.

टेलरवहिनींनी चपलेच्या टोकाने जागा दाखवली. नाना गुडघ्यांवर बसले. बोटं सांध्यात घातली आणि फरशी उचकटायला लागले. नखं लागेनात. खिशातली किल्ली काढून तिने खरवडलं. सिमेंट पक्कं बसलं होतं, जसं त्यांनी दहादा बजावून बसवून घेतलं होतं. किल्ली वाकली.

"भाऊजी, पुरे. हाताला लागेल."

"लागू दे."

"लोक वाट बघताहेत."

"बघू देत! तिने किती वाट बघितली?" नाना ओरडले, आणि मग त्यांचा बांध फुटला. त्या सुबक फरशीवर बसून ते लहान मुलासारखे रडले. काकू गेल्या त्या दिवशीही ते असे रडले नव्हते. त्या दिवशी ते दारातल्या चपला ओळीत लावत होते.

रडणं ओसरल्यावर टेलरवहिनींनी नळ सोडून ओंजळभर पाणी त्यांच्यापुढे धरलं. "एक सांगू का?" त्या म्हणाल्या. "झाड लावलं त्या दिवशी मी काकूंना विचारलं होतं. म्हटलं, लोकार्पणाच्या दिवशी भाऊजींना दिसलंच की मग काय करणार? तर म्हणाल्या, 'आधी ओरडतील. मग कानावरची पेन्सिल काढतील आणि नकाशात इथे एक गोल काढतील. मी ओळखते त्यांना.'"

काकूंनी नानांना ओळखण्यात जन्मात एकदाच चूक केली होती, आणि तीही त्यांच्या बाजूने. मग त्यांनी गुंडाळीची चिंधी सोडली. नकाशा फरशीवर पसरला, एका कोपऱ्यावर तुतीचा डबा ठेवला, दुसऱ्यावर वाकडी किल्ली. कानावरची पेन्सिल काढली. फरशी खरवडून बोटं सोलली होती, त्यामुळे गोल काही गोल आला नाही. पंपाच्या खोलीमागे, नळाला चिकटून, एक वेडावाकडा गोल. त्यांनी तो खोडला नाही.

मग ते डबा उचलून स्टेजसमोर आले. दुसरं करणार काय? सगळे उभे राहून बघत होते. नगराध्यक्षा बाईंनी हसून हात पुढे केला, तो नानांना दिसला नाही. डबा पालथा करून थोपटला, तरी रोप सुटेना. डबा कापावा लागला. आत मातीपेक्षा मुळंच जास्त झाली होती, डब्याच्या आकारात गोल गोल फिरून एकमेकांत गुंतलेली. कुणीतरी म्हणालं, उशीर झाला हो याला. नानांनी ती बोटांनी एकेक करून सोडवली. काही तुटली. रोप खड्ड्यात उभं केलं, माती लोटली, काठी रोवली, आणि पिवळ्या ठिपक्यांची चिंधी तिला बांधली.

पाणी आणायला सेक्रेटरी धावला, त्याला त्यांनी थांबवलं. बादली स्वतः घेतली आणि नळाकडे गेले. नळापासून स्टेजपर्यंतचं अंतर त्यांनी कागदावर कितीदा तरी मोजलं होतं, पण भरली बादली घेऊन ते कधी चालले नव्हते. लांब होतं. खरंच फार लांब होतं. मध्ये एकदा त्यांना थांबावं लागलं.

पाणी घातलं तेव्हा टाळ्या झाल्या. नाना खाली वाकून माती दाबत होते, त्यामुळे ते काय पुटपुटले ते फक्त टेलरवहिनींना ऐकू आलं.

"खूप चांगलं धरलं होतं गं," ते म्हणत होते. "निघतच नव्हतं."